आधी ऊन, मग विसण

विजयमाला गेली तेव्हा घरात दोन माणसं उरली. मी आणि तिची आई हरणाबाई. मी त्यांना मामी म्हणतो. आम्हाला मूल नव्हतं, आणि मामींना लेकीशिवाय कोणी नव्हतं, म्हणून त्या आधीपासूनच आमच्याकडे कुंडलला राहत होत्या. लेक होती तोवर त्यांच्या राहण्याचं कोणाला काही वाटलं नाही. ती गेल्यावर त्या पाहुण्यासारख्या वावरायला लागल्या. भाकरी, आमटी सगळं करायच्या, पण ताट माझ्यापुढे सरकवून आत जायच्या आणि दाराआडून विचारायच्या, "आनि वाडू का?"

मला ते बरं वाटायचं नाही. पण त्यांनी जावं असं तर मुळीच वाटत नव्हतं. विजयमाला लहानपणी कशी होती, कशाला रुसायची, हे सांगणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. आमटीलाही तिच्याच हाताची चव होती, कारण ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

अडचण आंघोळीची होती. मामींचे दोन्ही खांदे धरले होते. हात छातीपर्यंत यायचे, त्याच्यावर जायचे नाहीत. तांब्या डोक्यावर नेता येत नव्हता. विजयमाला रोज त्यांना आंघोळ घालायची. आता शेजारची शालूबाई यायची. शालूबाई मनानं चांगली, पण तिच्या घरी गुऱ्हाळ लागलेलं, दहा माणसांचा स्वयंपाक, त्यात माझ्या सासूची आंघोळ. मामी तिची वाट बघत न्हाणीत पाटावर बसून राहायच्या. एक दिवस ती आलीच नाही, आणि मामी तशाच उठून बाहेर आल्या.

दुपारी दाराआडून म्हणाल्या, "नाथाजीराव, विट्याला कोंडीबाला सांगावा धाडा. संक्रांत झाली की मला न्हेऊ दे."

कोंडीबा म्हणजे त्यांचा भाचा. तो मद्रासकडे सोनं गाळायच्या दुकानात असायचा आणि थंडीत घरी यायचा.

मी म्हणालो, "का वो मामी? हितं काय कमी हाय?"

"कमी काय न्हाई. पर लेक न्हाई, आनि जावयाच्या घरी बसून दुसऱ्याच्या बायकूकडनं आंगूळ घालून घ्यायची, हे काय बरं दिसतं? कोंडीबाच्या घरी सुना हायत्या."

जावयानं सासूच्या अंगावर पाणी घालावं असं काही होत नाही. मी फक्त एवढं म्हणालो, "आंगूळ आपली आपल्याला करता आली तर ऱ्हाचाल?"

त्या आतून हसल्या. लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच. "वरनं कोन वतनार? द्येव?"

सांगावा मी धाडला, पण त्यावर विचार करत बसलो. लढाईत मी खडकीच्या सॅपर पलटणीत होतो. इटलीत आम्ही छावणीला पाणी आणायचो. नळ्या वाहायच्या, जोडायच्या, आटे कसायचे. तिथे कापडाच्या तंबूत पाणी वरून फवाऱ्यानं पडायचं, गरम, आणि जोराचं. साहेब त्याला शॉवर म्हणायचे. नळ्या मी जोडल्या होत्या, पण तो जोर कुठून येतो हे कधी विचारलं नव्हतं. हुकूम झाला की कामाला लागायचं, विचारायचं नाही. आता विचारायला कोणी नव्हतं.

आधी मी सोपं केलं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, एकेका भोकाला बूच कुठं बसवायचं म्हणून सगळ्यांखाली एक पत्रा सरकता ठेवला, त्याची दोरी खाली सोडली आणि डबा न्हाणीच्या आढ्याला टांगला. मामी आत गेल्या. मी अंगणात उभा होतो. पत्रा सरकल्याचा आवाज आला. मग पाणी पडल्याचा आवाज येईना. थोड्या वेळानं मामी म्हणाल्या, "नाथाजीराव, म्हादेवाच्या पिंडीवर गळती लावत्यात न्हवं?"

"व्हय."

"मग मी आता पिंड झाले. ब्येल तेवडा आना."

शालूबाई कुंपणापलीकडून ऐकत होती. ती इतकी हसली की तिच्या हातातलं सूप सांडलं.

डबा लहान आहे, पाणी थोडं, म्हणून जोर नाही, असं मला वाटलं. आपण शेतकरी माणसं. मोठ्या पाटातून मोठं पाणी येतं हे आपण जन्मापासून बघतो. मी गोठ्यातली जुनी काहील काढली, गुळाची. तिच्या बुडाला नळी डकवली आणि न्हाणीच्या भिंतीवर चढवून भरली. डब्याच्या कितीतरी पट पाणी झालं. नळी सोडली तर धार तशीच. डब्याइतकीच मरतुकडी. मी हात धरून बघितलं, पुन्हा बघितलं. एवढं पाणी वर बसलंय आणि खाली ढकलत का नाही?

त्या दिवसापासून मला त्या गोष्टीचा नाद लागला. खरं सांगायचं तर विजयमाला गेल्यापासून मला कशातच लक्ष घालावंसं वाटलं नव्हतं. उसाला पाणी द्यायचं ते दिलं, बैलांना वैरण टाकायची ती टाकली. या पाण्यानं मात्र मला सकाळी उठवलं. मी विहिरीवर गेलो आणि दुसऱ्या एका डब्याला एकाखाली एक तीन भोकं पाडली. एक वर, एक मध्ये, एक बुडाजवळ. भरला. वरच्या भोकातलं पाणी डब्याला चिकटूनच खाली उतरलं. मधलं जरा लांब पडलं. खालचं सगळ्यात लांब गेलं. डबा तोच, पाणी तेच. मग मी काहीलीला तसंच बुडाशी एक भोक पाडलं. काहील रुंद पण उथळ. तिची धार डब्याच्या मधल्या भोकाइतकीही गेली नाही.

म्हणजे पाणी किती आहे याला किंमत नव्हती. डोक्यावर किती उंच आहे याला होती.

मी एवढा खूश झालो की घरी येऊन मामींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. दाराआड गेल्या नाहीत, तशाच बसून ऐकत राहिल्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, "मानूस कितीबी जाड असू दे, खांद्यावर उबा ऱ्हायलेलाच जड लागतो."

"तसंच."

"मग काहील वर न्या. माळवदावर."

आमच्या घराला मातीचं माळवद आहे, सपाट. तिथे मी विटांचा ओटा केला, त्यावर लोखंडी पिंप ठेवलं. पाणी आडातून दोरानं वर ओढून भरायचं, ते काम माझं. लढाई संपल्यावर छावण्यांचा माल सांगलीच्या बाजारात विकायला आला होता. तिथून मी नळ्या, तोट्या आणि एक झारीचं तोंड आणलं. पिंपातून नळी खाली न्हाणीत सोडली, टोकाला ते झारीचं तोंड. तोटी फिरवली आणि गार पाणी असं आदळलं की न्हाणीच्या फरशीवरची माती उडाली.

आता ऊन पाणी. आमच्याकडे तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात जाळ घालायचा, भोवतीचं पाणी तापतं. पलटणीतून सुटून आलो तेव्हा विजयमालाच्या हौसेनं तो सांगलीहून आणला होता. तिनं तो पुढच्या सोप्याच्या कडेला ठेवला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. पाणी तिथे तापवायचं आणि बादल्या मागच्या न्हाणीत वाहायच्या. मी म्हणायचो, मागं ठेव. ती म्हणायची, "मग बगनार कोन?"

बंब माळवदावर चढवावा असं आधी वाटलं. पण मातीच्या माळवदावर, खाली लाकडी तुळया, आणि वर जाळ? शालूबाई म्हणाली, "दाजी, आंगुळीपायी घर जाळनार व्हय?" मग मला छावणीतली भट्टी आठवली. ती खाली जमिनीवरच असायची. टाकी वर, भट्टी खाली. वरचं गार पाणी भट्टीत खालून शिरायचं आणि तापलेल्या पाण्याला वरून बाहेर ढकलायचं. नळ्या तशा का जोडायच्या हे मला आता समजलं.

बंब गाडीत घालून मी सांगलीला तांबटाकडे नेला. त्याला म्हणालो, याचं तोंड बंद कर, खाली एक नळी घे, वर एक घे. तांबट बंबाकडे बघत राहिला. "पावनं, तोंड बंद करून जाळ घातला तर ह्यो तुमच्या आदी सर्गात जाईल."

"मग?"

"वाफंला वाट ठेवा. एक नळी उगडी, तुमच्या टाकीपरास उंच."

ते मला माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं म्हणून बरं. तशी नळी मी सोप्यापासून सरळ माळवदाच्या वर नेली. ऊन पाण्याची नळी मात्र सोप्यापासून भिंतीच्या कडेकडेनं, घराला वळसा घालून, मागे न्हाणीत नेली. बंब तिनं ठेवलेल्या जागेवरून हलवायला माझं मन होईना.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सगळं तयार झालं. न्हाणीत कमरेच्या उंचीवर एकच तोटी, मामींचा हात पोचेल अशी. बंबातलं पाणी बेतानं ऊन ठेवलं होतं. मी तोटी सोडून दाखवली. पाणी जोरात पडलं. मामींनी धारेत हात धरला आणि धरूनच ठेवला. मी उत्साहानं म्हणालो, "जरा थांबा, आत्ता ऊन येतंय बगा. आदी गार, मग ऊन."

मामींचा हात धारेतून मागे आला. त्यांनी तो पदराला पुसला. ऊन पाणी आलं, वाफ सुटली, मी "बगा, बगा" म्हणत होतो. त्या माझ्या बाजूनं घरात निघून गेल्या.

संध्याकाळी त्यांचं लुगड्यांचं गाठोडं बांधलेलं दिसलं. मी विचारलं, "मामी, जोर जास्त झाला का? कमी करतो."

"न्हाई. जोर ब्येस हाय."

"मग लय ऊन लागलं?"

"न्हाई." गाठोड्याची गाठ आवळत म्हणाल्या, "कोंडीबा परवा येतोय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिथे आंघोळ केली. आधी अंगावर काटा आला, मग हळूहळू ऊब आली, आणि ती ऊब अशी की मला बाहेर यावंसं वाटेना. यात वाईट काय हे मला कळेना. मी शालूबाईला गाठलं. ती तिळाचे लाडू वळत होती.

"शालूबाई, तुमी एकदा बगा येऊन. काय चुकलंय?"

"पानी येतं न्हवं?"

"जोरात येतं. आदी जरा गार येतं, मग त्यात ऊन येतं, मग—"

तिनं हातातला लाडू परातीत टाकला. "आवं दाजी! कवा बादलीत पानी कालवलंय का न्हाई तुमी?"

मी नाही म्हणालो. जन्मभर बादली तयारच मिळाली होती. आधी आईनं दिली, पलटणीत नळ होते, मग विजयमालानं दिली.

"आदी ऊन घ्यायचं," शालूबाई म्हणाली, "मग त्यात गार वतायचं, त्ये विसन. जित्या मानसाचं तसं. आदी गार घेऊन त्यात ऊन वतत्यात ते कुनाचं, म्हाईत हाय?"

तिनंच सांगितलं, पण आवाज खाली केला. "मयताचं. विजीला शेवटची आंगूळ घातली ती तशीच. आमी घातली. पानी हरनामावशीनी कालवलं, कुनाला हात लावू दिला न्हाई."

त्या वेळी मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. आत बायका काय करत होत्या हे मी पाहिलं नव्हतं, आणि पुढेही विचारलं नव्हतं. मामींनी पाणी कालवलं, आधी गार, मग ऊन, आपल्या हातानं. आणि मी त्यांना धारेपुढे उभं करून आनंदानं तेच सांगत होतो.

शालूबाई म्हणाली, "आदी पानी सोडून द्या, ऊन झालं की जाऊ द्या त्येंना."

"ते मी करीन. पर त्येंच्या मनातनं ते जाईल का?"

तिनं मान हलवली. "वाट तीच की वो. गाराच्या मागनंच ऊन येनार."

मी घरी येऊन सोप्यावर बसलो आणि नळीकडे बघत राहिलो. बंबातलं पाणी ऊन असतं. मग आधी गार कुठून येतं? मी नळीला हात लावत लावत चालत गेलो. बंबापाशी कोमट. दोन पावलांवर गार. घराच्या कोपऱ्यावर बर्फासारखी. म्हणजे सकाळचं पाणी नळीतच उभं होतं, थंडीत निवत. नवं ऊन पाणी यायचं तर आधी या शिळ्या गाराला बाहेर ढकलणार. नळी लांब असेपर्यंत हे असंच होणार. जाळ वाढवून उपयोग नाही, टाकी उंच करून उपयोग नाही. नळीच नको.

बंब न्हाणीला टेकवायला हवा होता.

सोप्यावरची त्याची जागा काळी झाली होती. विजयमाला ती शेणानं सारवायची आणि पुन्हा काळी व्हायची. मी नळ्या सोडवल्या, बंब दोन्ही हातांनी कवटाळून उचलला आणि मागे नेला. न्हाणीच्या भिंतीपलीकडे शेणी रचलेल्या होत्या, त्या काढल्या. दगड बसवले. भिंतीला भोक पाडलं. बंबाच्या डोक्यावरून निघालेली नळी वीतभर चालून थेट न्हाणीत उतरली. वाफेची नळी सरळ वर नेली. आणि या वेळी तोट्या दोन बसवल्या. एक उन्हाची, एक गाराची, दोन्हींचं पाणी एकाच झारीच्या तोंडातून पडेल अशा. ही वीतभर नळी बंबाच्या उबेनं गरमच राहत होती. वळसे गेले त्यामुळे धारेचा जोरही वाढला. ते मला आधी लक्षात आलं नव्हतं. लांबच्या वाटेत पाणी दमत असावं.

मी काम करत असताना मामी मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बंब का हलीवला? तिनं ठेवला हुता की तिथं."

"व्हय. पर तिथनं गार येत हुतं आदी."

मला शालूबाईनं सांगितलं हे त्यांना समजलं.

कोंडीबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बैलगाडीतून उतरला तो धुळीनं पांढरा झालेला. अंगात मद्रासी पद्धतीचा सदरा, बोटात अंगठी. चहा पिता पिता म्हणाला, "आत्ती, झालं का आवरून? उनाच्या आत पोचायचं."

मामी म्हणाल्या, "आंगूळ व्हायची हाय."

"घरी जाऊन कर की."

"तसं निगू व्हय, पारोसी?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाथाजीराव, जाळ हाय का?"

जाळ पहाटेपासून होता. मी त्यांना न्हाणीच्या दारात नेलं. "ही उन्हाची. ही विसनाची. आदी कुटली सोडायची ते तुमच्या हातात."

त्यांनी उन्हाची सोडली आणि हात लांब धरला. पहिल्या थेंबापासून वाफ होती. त्यांनी बोटं पुढे केली, झटकन मागे घेतली. "आगं बया! पोळलं की." मग दुसरी तोटी थोडी फिरवली. पुन्हा हात धरला. थोडी आणखी फिरवली. मी त्यांचं तोंड बघत होतो. त्या नुसत्या पाण्याकडे बघत होत्या.

"कोंडीबा," त्यांनी हाक मारली, "किती मळलाईस रं. आदी तू जा."

मला जरा धक्का बसला. पण कोंडीबा सदरा काढून आत गेला. थोड्या वेळानं आतून ओरडला, "आयला! ह्ये कुटलं यंत्र हाय, दाजी?" मग तो गाणं म्हणायला लागला, मद्रासकडचं, कोणालाही न कळणारं. मामी पायरीवर बसून ऐकत होत्या.

"बाहेर ये रं," शेवटी त्या म्हणाल्या, "म्हशीगत पडून ऱ्हाऊ नगंस."

"आत्ती, थोडंच."

त्याचं थोडंच संपलं तेव्हा माळवदावरचं पिंप कोरडं झालं होतं. झारीच्या तोंडातून नुसते थेंब पडत होते. मी पहिल्यांदा पळत जाऊन बंबातला जाळ ओढला, मग आडावर गेलो. कोंडीबा ओल्या केसांनी पिंपापाशी उभा राहिला आणि मी खालून बादल्या भरून दोराला बांधायला लागलो. त्यानं वर ओढल्या. सूर्य वर आला तरी आमचं चाललंच होतं. तो वरून म्हणाला, "दाजी, आमच्या विट्याच्या घराला माळवद हाय. असलं तिथं व्हईल का?"

"व्हईल की. आड किती खोल हाय त्यावर."

"मग आत्तीला हितं ठेवून तुमालाच न्हेतो."

मामी खालून म्हणाल्या, "न्हे की. तुज्या सुना तुला आंगूळ घालत न्हाईत वाटतं." आणि आत जाऊन न्हाणीचं दार लावून घेतलं.

पिंप भरलं, पुन्हा जाळ घातला, पाणी तापलं. मी न्हाणीच्या भिंतीमागे बंबापाशी बसलो, लाकडं सारत. आत आधी एक तोटी फिरल्याचा आवाज आला. जोरात पाणी पडायला लागलं. थोड्या वेळानं दुसरी फिरली. त्यानंतर बराच वेळ नुसतं पाणीच ऐकू येत होतं. मधे एकदा मामी रडल्या असं मला वाटलं, पण धारेच्या आवाजात नक्की सांगता येत नाही.

कोंडीबा पुढून ओरडला, "आत्ती, बैल जुपू का?"

पाण्याचा आवाज चालूच राहिला. त्यानं पुन्हा विचारलं.

"तू जुप आनि जा," मामी म्हणाल्या. "सुनांना सांग, फुडल्या थंडीत येऊन ऱ्हाऊन जावा चार दिस. पिपात पानी भरायला तू ये." मग भिंतीतून, माझ्याकडे, बारीक आवाजात, "नाथाजीराव, लाकूड जरा मागं वडा. पोळतंय."

मी लाकूड मागं ओढलं.